मांडी नसलेला गुडघा

या, असे जवळ या. दारातून येणारं वारं कुत्र्यांना लागू दे, तुम्ही चुलीकडे सरका. कॉफी उकळते आहे, वाळवलेला मासा ताटलीत आहे, हात लांब केला की मिळेल. आज मी तुम्हाला एका खडकाचं बारसं सांगणार आहे. खडकाचं, आणि एका माणसाचंही. त्या माणसाचं नाव मात्र इतक्यात सांगणार नाही. गाण्यात सम जशी आपल्या जागेवर येते तसं ते येईल, तोवर धीर धरा.

मी इथला उपदेशक. आमच्या लाकडी चर्चमध्ये रविवारी वाचतो, शिकवतो आणि गातो. खरं तर गातोच जास्त. नुसतं बोललेलं प्रवचन माझ्या घशाखाली उतरत नाही. दोन वाक्यं सरळ जातात, तिसऱ्याला आपोआप चाल लागते, चौथ्याला पुढच्या बाकावरच्या बायका सूर धरतात आणि मग काय, देवाचं नाव आणि आमचा गळा. उपेरनाविक या जवळच्या शहरातून मोठे पाळक वर्षातून एकदा येतात. ते म्हणतात, "बाबा रे, प्रवचन आटोपशीर असावं." मी म्हणतो, "आटोपतोच आहे," आणि आणखी एक कडवं घेतो. देव रागावल्याचं अजून तरी जाणवलं नाही.

आमची बेटं तुम्ही येताना पाहिलीच असतील. एक ‘मोठा अंगठा’, एक ‘सीलची पाठ’, एक ‘तिच्यामागची’, आणि एक ‘जिथे किटली राहिली’. किटली कुणाची, कधी राहिली, कुणालाच ठाऊक नाही. पण तिथे उतरलेला माणूस निघताना एकदा आपली किटली तपासतो. नाव असं कामाचं असावं. परदेशी जहाजवाले आले तेव्हा त्यांनी नकाशावर आपले राजे बसवले, सरदार बसवले, सरदारांच्या बायका बसवल्या. त्यातल्या कुणाचेही बूट कधी इथे ओले झाले नाहीत. आम्ही जमिनीला माणसाचं नाव देत नाही. माणसाच्या नावाला पाय लागतात, ते हिंडतं, खातं, भांडतं. खडकावर ते काय करणार?

आमच्यात माणूस गेला की त्याचं नाव थांबून राहतं. कुणी ते तोंडाने उच्चारत नाही. मग कुठे लेकरू जन्मतं, त्याला ते नाव मिळतं, आणि गेलेला माणूस घरी आला असं आम्ही धरतो. मुलगा की मुलगी, याची नावाला पर्वा नसते. माझ्या शेजारणीची नात शेजारणीच्याच सासऱ्यांच्या नावाची आहे. पोरगी अजून बोबडं बोलते, पण शेजारीण तिच्यादेखत नवऱ्यावर आवाज चढवत नाही. मोठे पाळक यावर काही म्हणत नाहीत. पुनरुत्थानाचा दिवस येईल तेव्हा येईल, तोवर नावांनी थंडीत का उभं राहावं, असं माझं साधं मत आहे.

आता गोष्ट.

रेगिने मावशीचा नवरा एप्रिलमध्ये गेला. बर्फावर मासेमारीची लांब दोरी टाकायला गेला होता, संध्याकाळी परत आला, बूट काढले, "जरा पडतो" म्हणाला आणि पडला तो पडलाच. चांगला माणूस. उंचीने बेताचा, आवाजाने मोठा आणि वादात तर डोंगराएवढा. त्याचा वाद असे तो एका माणसाशी, रेगिनेच्या धाकट्या भावाशी, म्हणजे आमच्या एनोकशी. आणि विषयही एकच, गावाच्या उत्तरेला दिसणारा तो गोल काळा खडक.

तो खडक समुद्रात पुढे आलेला, आणि त्याच्या मागे हिमनदीची जाड जीभ थेट त्याला येऊन टेकलेली. त्यामुळे तो बेट आहे की मुख्य जमिनीचाच पुढे आलेला तुकडा आहे, हे दिसायला मार्ग नव्हता. रेगिनेचा नवरा म्हणायचा, "हा गुडघा आहे. जमीन मांडी घालून बसली आहे, वरून बर्फाची गोधडी आहे, आणि गुडघा तेवढा बाहेर राहिलाय."

एनोक म्हणायचा, "दाजी, ते बेट आहे. अहो, सील या बाजूला बुडी मारते आणि त्या बाजूला वर येते. बर्फाखाली पाणी आहे."

"त्या दोन सीली आहेत. बहिणी असतील."

"एकच आहे. मी तोंडावरून ओळखतो."

"तुला लग्नात स्वतःची बायको ओळखू आली नव्हती, सील काय ओळखणार?"

हे असं जन्मभर. दुकानात, बोटीत, माझ्या चर्चच्या पायरीवर. एकदा तर मी गीत सुरू केलं तरी दोघं मागच्या बाकावर कुजबुजत होते, आणि गीत होतं शांतीवरचं.

नवरा गेला तशी रेगिने गप्प झाली. नाव घेता येत नव्हतं, आणि नावाशिवाय आठवण काढायची म्हणजे उपड्या वाटीतून पाणी पिण्यासारखं. गावात फारसं कुणी बाळंत व्हायचं नव्हतं. एकच पोर दिवसांत होती, इवालो, एनोकची नात. आणि एनोकने आधीच जाहीर करून टाकलं होतं, "बाळ आमच्या आईच्या नावाचं."

"आईचं नाव तीन घरांत आहे," रेगिने एवढंच म्हणाली.

"मग चौथ्यात येऊ दे. आई मोठी होती."

खरी गोष्ट त्याने मला जाळी दुरुस्त करताना सांगितली. "गुरुजी, विचार करा. त्या लेकराला दाजी म्हणावं लागेल. जेवताना व्हेलच्या कातडीचा मानाचा पहिला तुकडा त्याला द्यावा लागेल. जन्मभर ऐकून घेतलं, आता रांगत येऊन ऐकवणार. मला थोडी विश्रांती नको का?"

रेगिनेने मागितलं असतं तर कदाचित त्याने दिलंही असतं. पण आमच्यात नाव मागायचं नसतं. मागून घेतलेलं नाव लेकराच्या अंगाला बसत नाही, देणाऱ्याच्या मनातून यावं लागतं. म्हणून ती मागत नव्हती, आणि तो देत नव्हता, आणि उन्हाळा सरत होता. एकदा चर्च झाडताना ती मला म्हणाली, "हिवाळ्याचा अंधार पडायच्या आत त्याची सोय व्हायला हवी, गुरुजी. लांब रात्रीत तो बाहेर उभा राहिला तर मला घरात ऊब लागायची नाही."

आणि ऑगस्टमध्ये बर्फाने वेगळंच नाटक केलं. एका दुपारी तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, मग बराच वेळ गडगड, मग लाटा. गावातल्या सगळ्या बोटी नाचल्या, सगळी कुत्री रडली. खडकामागची बर्फाची जीभ तुटून गेली होती. पाणी जरा निवळल्यावर एनोक मला घेऊन निघाला. आम्ही खडकाच्या डाव्या अंगाने आत शिरलो, मागून वळलो आणि उजव्या अंगाने बाहेर आलो. पाण्यातूनच, सबंध.

बेट होतं.

एनोकने इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता हा उभा राहून ओरडेल. तो गावाकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "जिंकलो की, गुरुजी."

"जिंकलात," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला, आणि इंजिन सुरू केलं. ज्याला सांगायचं तोच नव्हता.

तो सांगायला गेला बहिणीला. रेगिने मासे चिरत होती. तिने सगळं ऐकलं, सुरी पुसली आणि म्हणाली, "म्हणजे ते आत्ता जन्मलंय."

"काय?"

"बेट. परवापर्यंत नव्हतं, आज आहे. नवं जन्मलेलं आहे. मग त्याला माझ्या नवऱ्याचं नाव देऊ या."

एनोकला हसावं की रडावं कळेना. "ताई, जो माणूस जन्मभर ‘ते बेट नाहीच’ म्हणत गेला, त्याचं नाव त्याच बेटाला?"

"जन्मणाऱ्याला नाव मिळतं. दुसरं कुणी जन्मून मला मिळतंय का?" ती म्हणाली आणि पुन्हा मासे चिरायला लागली. एनोक खाली मान घालून घरी गेला.

आता नव्या बेटाला नाव द्यायचं तर राजधानीहून, नूकहून, नकाशावरची नावं ठरवणाऱ्या समितीचा माणूस येतो. आला. मिनिक नावाचा तरुण, नव्या कोऱ्या बुटांतला, गोड स्वभावाचा. गावच्या सभागृहात सगळे जमले. केक होता, कॉफी होती, त्यामुळे ज्यांना बेटाशी काही कर्तव्य नव्हतं तेही होते.

"तर काय नाव सुचवता?" मिनिकने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं," रेगिने म्हणाली.

"बरं. काय नाव?"

"सांगितलं की. माझ्या नवऱ्याचं."

"ते कळलं, मावशी. पण त्यांचं नाव काय होतं?"

सभागृहात एकाएकी सगळ्यांना खोकला आला.

"होतं नव्हे, आहे," रेगिने म्हणाली. "फक्त सध्या कुणाकडे नाहीये."

मिनिकचे कान लाल झाले. नूकचा असला तरी पोरगा आपलाच, त्याला आजी होतीच. "आलं लक्षात," तो हळू म्हणाला. "पण मावशी, जे बोलता येत नाही ते मी नकाशावर छापू कसं?"

"कोरंच छापा," एनोक मागून म्हणाला. "दाजींच्या मते तिथे बेट नाहीच."

लोक हसले. रेगिनेही थोडी हसली, आणि त्या हसण्याने एनोकच जास्त अवघडला.

"गुरुजींना म्हणू दे," कुणीतरी सुचवलं. "देवाच्या माणसाला चालत असेल."

"देवाच्या माणसाला तर मुळीच चालत नाही," मी म्हणालो. आणि माझी अडचण काय गावाला माहीत नव्हती? त्याच उन्हाळ्यात शुभवर्तमानातला तो धडा आला होता, प्रभूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराचा. आमच्याकडे झाडं नाहीत, म्हणून मी त्याला दरवर्षी मासे वाळवायच्या माचावर चढवतो. लोकांना हा धडा फार आवडतो. पण त्या वर्षी मी तो अख्खा धडा ‘तो माणूस, तो माणूस’ करत गायलो होतो, आणि का ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

शेवटी रेगिने स्वतः उभी राहिली. टेबलाला धरलं. ओठ हलले, नावाच्या आकाराचे झाले, आणि तिथेच थांबले. ती खाली बसली.

"जमत नाही," ती म्हणाली. "बाहेर पडलं आणि खडकाने धरलं नाही तर?"

मिनिकनेच वाट काढली. "आधी मला ते बेट दाखवा. बघितल्याशिवाय मी कधी नाव लिहीत नाही."

एनोकच्या बोटीतून आम्ही चौघे निघालो: एनोक, रेगिने, मिनिक आणि मी. हवा काचेसारखी. हिमनगांच्या मधून वाट काढत बेटाच्या मागे गेलो, जिथे कधी कुणाची बोट लागली नव्हती. ओला, घासून गुळगुळीत झालेला दगड. उतरलो, स्टोव्ह पेटवला, किटली ठेवली. रेगिने एका दगडावर बसली आणि हाताने तो दगड चाचपत राहिली, शिवणाऱ्या बाईने कापड चाचपावं तशी. तिच्या तोंडावरून मला वाटलं, कापड तिला पसंत नाही.

एनोकला स्वस्थ बसवेना. बोटीतून वजन लावलेली दोरी आणून त्याने बेट आणि मुख्य जमीन यांच्या मधल्या पाण्यात सोडली. दोरी जात राहिली, जात राहिली. तो उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि जन्मभराच्या सवयीने मोठ्याने म्हणाला, "बघा दाजी. कुठे आहे तुमची मांडी?"

आवाज समोरच्या बर्फावर आपटून परत आला. एनोक हात तसेच ठेवून उभा राहिला. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा दिसला, मेजवानीला बोलावून यजमानच घरी नसावा तसा.

मग मागून रेगिने म्हणाली, "दोरी प्रवाहाने वाहून गेली, मूर्खा. सरळ सोडता येते का तुला?"

एनोक वळला.

"मांडी तिथेच आहे," ती म्हणाली. नवऱ्यासारखी हनुवटी वर करून, त्याच्याच मोठ्या आवाजात. "माणूस पाण्यात बसला म्हणून त्याची मांडी गेली का? पाण्याखाली आहे. आणि दोरी कसली आणलीस, जुनी, गाठी मारलेली."

"गाठी दाजींनीच मारल्यात," एनोक म्हणाला. तो हसला, मग बाहीने तोंड पुसलं, मग पुन्हा हसला. "ताई, थांबू नको. अजून बोल."

"मला काय तेवढंच काम आहे?" ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली. "कॉफी घे."

कॉफी झाली. मिनिकने पुष्कळ फोटो काढले. निघालो, बेटाला वळसा घातला आणि गाव दिसू लागलं तसा एनोकच्या खिशात फोन वाजायला लागला. बेटामागे तो मुका होता, आता जमलेलं सगळं एकदम बोलत होता. त्याने इंजिन बंद केलं. उपेरनाविकच्या दवाखान्यातून इवालो होती. मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या. पोरगी इतकी मोठ्याने रडत होती की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आजोबा," इवालो म्हणत होती, "नर्स विचारतेय. पणजीचंच नाव सांगू ना?"

एनोकने त्या काळ्या खडकाकडे पाहिलं. बहिणीकडे मात्र पाहिलं नाही. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते आणि ती पाण्याकडे बघत होती. मागायचं नसतं, आणि तिने मागितलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही.

"केवढी ओरडतेय," एनोक फोनमध्ये म्हणाला.

"आल्यापासून. कुणाचं ऐकून घेत नाही."

"मग आई कशी असेल? आई शांत होती." त्याने घसा साफ केला. "साकिउस," तो म्हणाला. "तिला सांग, ती साकिउस आहे."

एप्रिलनंतर पहिल्यांदा ते नाव हवेत आलं. बोट हलत होती, बर्फाचे तुकडे टुकटुक वाजत होते. मी टोपी काढली. याच नावाच्या त्या जकातदाराला प्रभू म्हणाला होता, झाडावरून उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. आमचा साकिउसही उतरला होता. एनोकच्या घरी.

रेगिनेने हात पुढे केला. एनोकने तिला फोन दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, आणि जन्मून अर्धा दिवसही न झालेल्या पोरीला विचारलं, "साकिउस, थंडी वाजली का रे?"

पलीकडे रडणं क्षणभर थांबलं. इवालो म्हणाली, तिने दूध घेतलं म्हणून थांबलं. असेलही. मी भांडत नाही.

सभागृहात सगळे केक संपवून आमची वाट बघत होते. मिनिक म्हणाला, "मग मावशी, आता नाव बोलता येतंय. बेटाला तेच लिहू?"

"आता कशाला?" रेगिने म्हणाली. "त्याला पाय मिळालेत. खडकावर कशाला बसवता?"

"पण बेटाला काहीतरी नाव हवंच."

तेव्हा एनोक उठला. "गुडघा," तो म्हणाला. "दाजी म्हणायचे तेच लिहा."

मिनिक गोंधळला. "पण मामा, ते तर बेट आहे. तुम्हीच सिद्ध केलंत. गुडघा म्हटलं तर जमिनीला जोडलेलं आहे असं वाटेल."

"वाटू दे. कुणी विचारलं तर मी समजावीन. विचारायला तरी येतील." तो खाली बसला आणि बहिणीला म्हणाला, "वाद चालू राहायला हवा, ताई. नुसतं जिंकून काय करायचं?"

सगळ्यांनी हात वर केले. नकाशावर आता गुडघा आहे, मोठ्या अंगठ्याच्या दक्षिणेला. देवाने एक शरीर केलं आणि पुष्कळ अवयव केले, असं प्रेषित सांगतो. आमच्या समुद्रात ते असे विखुरलेले आहेत, एवढंच.

पहिला बर्फ पडायच्या सुमारास इवालो पोरीला घेऊन आली. अख्खं गाव कॉफीला गेलं. रेगिनेने "माझे यजमान आले" म्हणून तिला उचललं आणि आधी विचारलं, मोजे कुठे टाकले. एनोकने व्हेलच्या कातडीचा पहिला तुकडा तिच्या ओठांना नुसता लावला, आदराने, आणि कानाशी वाकून म्हणाला, "दाजी, ते बेट आहे."

पोरीने जी किंकाळी फोडली ती बंदरापर्यंत गेली.

"बघा," एनोक सगळ्यांना म्हणाला, "अजून कबूल नाही." आणि त्याच्याएवढा सुखी माणूस मी त्या हिवाळ्यात दुसरा पाहिला नाही. त्या रविवारी मी मुद्दाम जकातदाराचा धडा पुन्हा घेतला, क्रम मोडून, आणि नाव येईल तिथे चार-चारदा गायलो. मोठ्या पाळकांना सांगू नका.

चला, कॉफी संपली. आता जाताना उत्तरेला तो काळा गोल खडक दिसेल. बोटवाला म्हणेल, हा गुडघा. तेव्हा घटकाभर साकिउसची आठवण काढा, रेगिनेच्या नवऱ्याची, जो आयुष्यभर चुकला आणि तरी कुणाला नकोसा झाला नाही. नाव मोठ्याने घ्या. आता चालतं.